आपापला शिधा

चित्रपटाच्या ट्रेलरवर आम्हां मराठीच्या अध्यापकांनी लिहावे, याचे कोणाला हसू येईल. परंतु कादंबरीचे मलपृष्ठ आपण वाचतो, त्यावरून पुस्तक विकत घेतो आणि पुढे त्याच मलपृष्ठाला नावेही ठेवतो. ट्रेलर हे चित्रपटाचे मलपृष्ठच होय. तो काय सांगतो याहून काय गाळतो, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

सेड्रिक क्लापिश या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'लोबेर्ज एस्पान्योल' हा चित्रपट २००२ साली आला. पॅरिसमध्ये अर्थशास्त्र शिकणाऱ्या झाव्हिएला वडिलांच्या ओळखीचा एक अधिकारी सांगतो, की स्पॅनिश भाषा आणि स्पेनची बाजारपेठ जाणून घेतलीस तर सरकारी खात्यात नोकरी मिळेल. म्हणून तो वर्षभरासाठी बार्सिलोनाला जातो आणि निरनिराळ्या देशांतून आलेल्या मुलामुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो. वेंडी इंग्लंडची, टोबियास जर्मनीचा, लार्स डेन्मार्कचा, अलेस्सांद्रो इटलीचा, सोलेदाद स्पेनचीच. पुढे बेल्जियमची इझाबेलही येते. एवढी सामग्री हाती असल्यावर ट्रेलरवाल्याला आणखी काय हवे? ऊन, रात्रीची भटकंती, प्रेमप्रकरणे, खरकट्या भांड्यांचा ढीग. परभाषिक चित्रपटांच्या ट्रेलरमध्ये बोलणे कमी आणि संगीत अधिक ठेवायचे, ही तर अमेरिकी वितरकांची जुनी रीत. प्रेक्षकाला उपशीर्षकांची धास्ती वाटू नये, हा त्यामागचा हेतू. गंमत अशी, की या चित्रपटाचा खरा नायक भाषा हाच आहे. तीच वगळली, तर उरते ती सहल.

नावापासूनच पाहा. फ्रेंचमध्ये 'स्पॅनिश खानावळ' हा वाक्प्रचार आहे: जिथे तुम्ही बरोबर न्याल तेवढेच तुम्हांला खायला मिळेल, अशी जागा. पुढे त्याला सरमिसळीचाही अर्थ चिकटला. हे नाव परदेशी जाताना कसे पांगले, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये ते 'पॉट लक' झाले. स्पेनमध्ये 'वेड्यांचे घर' अशा अर्थाचे. इटलीत नुसता 'स्पॅनिश फ्लॅट'. जर्मनांनी मूळ नावाला 'बार्सिलोना, एका वर्षासाठी' असे शेपूट जोडले. मराठीत आम्ही ते कसे करू? आपल्या जुन्या धर्मशाळेत छप्पर आणि चूल मिळे, शिधा आपापला न्यावा लागे. 'धर्मशाळा' हा शब्द त्यामुळे अर्थाच्या पुष्कळ जवळ जातो. मात्र फ्रेंच शब्दातली थट्टा त्यात उतरत नाही आणि नको तेवढे पुण्य येऊन चिकटते.

त्या फ्लॅटमधला आम्हांला सर्वांत आवडलेला मजकूर म्हणजे दूरध्वनीजवळ चिकटवलेला कागद. कोणाच्या घरून फोन आला तर त्याच्या भाषेत 'तो घरात नाही' हे कसे सांगावे, याची वाक्ये त्यावर लिहिलेली आहेत. झाव्हिएची आई फोन करते, वेंडी कागद पाहून फ्रेंच बोलते. आई बोलता बोलता विद्यापीठासाठीचा 'फाक' हा रोजच्या वापरातला फ्रेंच शब्द उच्चारते आणि इंग्रज मुलीच्या कानाला तो भलताच ऐकू येतो. हा विनोद स्वस्त आहे खरा. पण भाषाविज्ञानाच्या तासाला ध्वनी आणि अर्थ यांचे नाते शिकवताना याहून चांगले उदाहरण आमच्या हाती नाही.

ज्या योजनेखाली ही मुले आली, ती युरोपात १९८७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. योजनेला नाव आहे रॉटरडॅमच्या इरॅस्मसचे. हा पंडित पॅरिस, लूव्हेन, केंब्रिज, बाझेल असा आयुष्यभर हिंडला. पण सर्वत्र त्याची लॅटिन त्याच्याबरोबर होती, त्याला अशा कागदाची गरज नव्हती. अर्थात त्या लॅटिनच्या घरात मोजक्या पंडितांनाच प्रवेश होता. क्लापिशच्या फ्लॅटमध्ये तशी एक भाषा नाही. मोडके इंग्रजी, मोडके स्पॅनिश आणि हातवारे यांवर संसार चालतो.

तो नेहमी गोडीने चालतो असेही नाही. वेंडीचा भाऊ विल्यम पाहुणा येतो आणि जर्मन म्हणजे हिटलर, अशा थट्टेने टोबियासचा जीव नकोसा करतो. पुढे वेंडीचा इंग्लंडमधला मित्र अचानक येऊन ठेपतो, ती दुसऱ्याच तरुणाबरोबर असते, आणि तिची लाज राखायला हाच विल्यम स्वतःची शोभा करून घेतो. दिग्दर्शक त्याला धडा शिकवीत नाही, हे आम्हांला फार बरे वाटले.

परंतु चित्रपटाचा गाभा आमच्या मते वर्गातल्या प्रसंगात आहे. प्राध्यापक कातालानमध्ये व्याख्यान देत आहेत. परदेशी मुलांना ते कळत नाही. इझाबेल विनंती करते, की स्पॅनिशमध्ये शिकवाल का? प्राध्यापक नाकारतात: ही कातालुन्या आहे, स्पॅनिश हवी असेल तर माद्रिदला जा. नंतर मुलांत वाद होतो. युरोप एक होत असताना प्रादेशिक भाषेचा हा अट्टहास कशाला, असे इझाबेल म्हणते. त्यावर एक आफ्रिकी वंशाचा कातालान विद्यार्थी सांगतो, की माणसाला एकाहून अधिक ओळखी असू शकतात आणि त्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

प्रेक्षकाची सहानुभूती स्वाभाविकपणे पाहुण्यांकडे झुकते. आमची मात्र प्राध्यापकांकडे झुकली, हे सांगितले पाहिजे. १९३९ ते १९७५ या फ्रँकोच्या राजवटीत कातालानला शाळांतून आणि सरकारी व्यवहारांतून हद्दपार करण्यात आले होते. १९७९ च्या स्वायत्तता कायद्याने तिला पुन्हा अधिकृत स्थान मिळाले, १९८३ च्या कायद्याने ती शिक्षणात रुजू लागली. म्हणजे त्या वर्गात ती भाषा जेमतेम वीस वर्षांची भाडेकरू आहे. तिला कोणी 'जरा सरकून बस' म्हटले, तर तिने ताठ बसावे यात नवल काय?

तरीही आम्ही पूर्णपणे त्यांच्या बाजूने उभे राहू शकत नाही. आमच्या एम. ए.च्या वर्गात अहिराणी बोलणारी, वऱ्हाडी बोलणारी, मालवणी बोलणारी मुले येतात. वसतिगृहात ती आपापल्या बोलीत भांडतात, एकमेकांच्या शब्दांना हसतात आणि ते शब्द उचलतातही. आमच्या तासाला मात्र सारी प्रमाण मराठीत गप्प बसतात. तिथे आम्ही कातालानचे प्राध्यापक असतो की माद्रिदचे? इंग्रजीकडे पाहताना पहिले, अहिराणीकडे पाहताना दुसरे. बोलीभाषांवरची प्रश्नपत्रिकासुद्धा आम्ही प्रमाण भाषेतच काढतो आणि उत्तरातल्या बोलीतल्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढतो.

शेवटी झाव्हिए पॅरिसला परततो, हवी ती नोकरी मिळवतो आणि पहिल्याच दिवशी कचेरीतून पळ काढतो. लेखक व्हायचे ठरवतो, सोबत्यांची एकेक छायाचित्रे पाहत हा मीच, तीही मीच, असे म्हणतो. हा शेवट थोडा सोपा झाला आहे. लेखक होणे इतके स्वस्त असते, तर आमच्या विभागाची स्थिती निराळी असती. शिवाय त्या सबंध फ्लॅटमध्ये पश्चिम युरोपाबाहेरचे कोणी नाही. बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांसाठी 'इरॅस्मस मुंडुस' ही जोडयोजना २००४ साली आली, तिच्यातून भारतीय मुलेही गेली. त्यांच्या वाट्याच्या फ्लॅटमध्ये दूरध्वनीजवळच्या कागदावर मराठीतली ओळ कोणी लिहिली असेल का, आणि लिहिली असेल तर 'तो घरी नाही' अशी, की 'तो घरी नाय' अशी?