एकशे ब्याण्णव

यंदा दिवाळीच्या सुटीपूर्वी आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गाला एक काम दिले. ‘आपल्या मतदारसंघातील लोकप्रतिनिधीचे राष्ट्रीय प्रश्नांविषयीचे विचार’ या विषयावर चार पाने लिहून आणायची. विषय फळ्यावर उमटताच मागच्या बाकांवर हशा पिकला. “आमदाराचे विचार गटारीपाशी सुरू होतात आणि डांबरापाशी संपतात,” असे कोणीतरी पुटपुटले. सर ऐकून हसले आणि म्हणाले, “तेच लिहा. पण का संपतात, तेही लिहा.”

मी सांगोला तालुक्यातला. त्यामुळे माणूस शोधायला मला लांब जावे लागले नाही. गणपतराव देशमुख, आमच्याकडचे आबासाहेब. ग्रंथालयात बसून मी एका दुपारीच चार पाने भरून टाकली. १९६२ साली ते प्रथम विधानसभेवर गेले. शेतकरी कामगार पक्ष एकदा धरला तो अखेरपर्यंत सोडला नाही. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले. २०१४ ची निवडणूक जिंकली तेव्हा त्यांचे वय ८८ होते. आमदार असूनही एस.टी.ने प्रवास करीत. २०१९ ला उभे राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ रोजी वारले. त्यांच्या दोन पराभवांचा उल्लेख मी कंसात उरकला होता : ‘(अपवाद : १९७२ व १९९५)’. पुढे समाजवाद, शेतीमालाचा भाव, सहकार असे मोठेमोठे शब्द होतेच.

सरांनी वही परत दिली. खाली पेन्सिलीने एकच ओळ होती : ‘यात राष्ट्र आहे, आबासाहेबही आहेत; तुमचा मतदारसंघ कुठे आहे?’

खरे सांगतो, मला राग आला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुस्तकातली भाषा मला मोठ्या कष्टाने जमू लागली आहे, आणि सर म्हणतात की ती पुरेशी नाही! त्या घुश्शातच मी दिवाळीला वाडीवर गेलो.

माझ्या आजोबांना आम्ही तात्या म्हणतो. त्यांना अक्षरओळख नाही. सही करायला शिकले ते रोजगार हमीच्या हजेरीपटापुरते. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी ते ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, “तात्या, मी आबासाहेबांवर लिहिलंय, वाचून दाखवू का?” ते ऐकू लागले. समाजवादावर त्यांनी मान हलवली, सहकारावर तंबाखू मळली. कंसातली ओळ आली तसा त्यांचा हात थांबला.

“पंच्याण्णव साली कितीनं पडलं, लिवलंयस का?”

“नाही.”

“एकशे ब्याण्णव मतांनी.” एवढे बोलून ते गप्प झाले. मग म्हणाले, “लिव. ती मतं माज्या ओळखीची हाईत.”

त्या दुपारी तात्यांनी जे सांगितले ते मी यापूर्वी कधीच ऐकले नव्हते.

१९९५ ची विधानसभेची निवडणूक झाली ती फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन गाळप हंगामात. त्याआधी दिवाळीत तात्यांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. थोरल्या आत्याचे लग्न होते. तात्या आणि आजी मिळून एक कोयता. आमच्या आणि शेजारच्या वाडीचे असे वीस कोयते एका टोळीत होते. माझे वडील तेव्हा दहावीला होते. बैलांमागे माणूस पाहिजे म्हणून त्यांनाही शाळेतून काढून बरोबर नेले. ते पुन्हा शाळेत बसले नाहीत.

मतदानाच्या आदल्या दिवशी तात्या मुकादमाकडे गेले. दोन दिवस द्या, मत टाकून येतो, म्हणाले. मुकादमाने हिशेब सांगितला : उचल भागवा आणि खुशाल जा. दुसऱ्या दिवशी तात्या फडात उतरले. तिथल्या गावातही त्या दिवशी मतदान होते. शाळेपुढची रांग फडातून दिसत होती, आणि हे मोळ्या बांधत होते. निकाल त्यांना कळला तो ट्रकच्या ड्रायव्हरकडून.

“वीस कोयतं म्हंजी चाळीस मतं,” तात्या म्हणाले. “आन् आपल्या तालुक्यातनं काय एकच टोळी गेलीवती? समद्यांनी आबासायबालाच दिली असती असं म्या म्हनत न्हाई. पर आमाला इचारलंच न्हाई कुनी. आमी मोजन्यातच न्हवतो.”

मी विचारले, “पण रोजगार हमी होती ना? मग ऊसतोडीला का गेलात?” हा प्रश्न मला पुस्तकानेच शिकवला होता.

तात्या हसले. “हमीचं काम व्हतं. त्यानंच आमाला जगिवलं. पर हमीचा पगार आठवड्यानं, कवा कवा म्हैन्यानं. उचल एकरकमी. लगीन काय हप्त्यानं व्हतंय?”

मग ते बाहत्तरच्या दुष्काळाकडे वळले. तेव्हा ते वीस-एकवीस वर्षांचे होते, नुकतेच लग्न झालेले. आजी खडी फोडायला जाई, तात्या तलावाच्या कामावर. मी वाचले होते की १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे राबत होती. त्या पन्नास लाखांत माझी आजी असेल, हे वाचताना माझ्या ध्यानातही आले नव्हते.

सुटी संपवून मी परत ग्रंथालयात गेलो, पण आता वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, आणि काम देणे ही सरकारची जबाबदारी, हे तिचे सूत्र. त्या दुष्काळाच्या काळात योजना राज्यभर पसरली. तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अंमलात आला. १९९९ च्या मंत्रिमंडळात पणनाबरोबर रोजगार हमीचे खातेही आबासाहेबांकडे होते. पुढे २००५ साली संसदेने सबंध देशासाठी कायदा केला आणि ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. म्हणजे दिल्लीला झालेल्या त्या कायद्याची खडी आमच्यासारख्या वाड्यांवर फुटली होती! आमदाराचे विचार डांबरापाशी संपतात म्हणून आम्ही हसलो. पण डांबराखाली खडी असते आणि ती कोणीतरी फोडलेली असते, हे आम्हांला सुचले नाही.

पाण्याचेही तसेच. १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी तिचे नेते आणि आबासाहेब त्यांच्या जोडीला. कृष्णेचे पाणी उचलून माणदेशाला द्या, आणि देताना ते सर्वांना समन्यायाने द्या, अशी त्यांची मागणी होती. नद्यांचे पाणी कोणाचे, हा तर देशभराचा तंटा. आमच्याकडे तो ‘म्हशीला पाणी आहे का’ एवढ्या शब्दांत विचारला जातो, इतकाच फरक.

तात्यांना मी एक खोचक प्रश्नही विचारला होता. आमच्या वसतिगृहातला माझा मित्र नेहमी म्हणतो, “पन्नास वर्षं एकच आमदार आणि तरी तुमचा तालुका दुष्काळीच?” तात्या चिडले नाहीत. “बराबर इचारतोय त्यो,” म्हणाले. “पानी उशिरा आलं. आमची जिनगानी संपत आली तवा आलं. पर मागायला कोन तरी हुबा ऱ्हायला पायजे न्हवं? त्यो ऱ्हायला.” या उत्तराने माझ्या मित्राचे समाधान होईलच असे नाही. माझेही पुरते झालेले नाही. एका माणसाचा साधेपणा सबंध तालुक्याची तहान भागवू शकत नाही, हे मला कळते. पण तात्यांच्या उत्तरात भक्तीपेक्षा हिशेब अधिक होता, हेही कळते.

आता जे लिहायचे आहे, ते लिहिताना लाज वाटते.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. मला अठरा पुरी झाली होती, यादीत नाव होते. आयुष्यातले पहिलेच मत. त्या दिवशी सुटी होती. सोलापूरहून मंगळवेढ्यामार्गे आमच्याकडे एस.टी. जाते. पण दोन दिवसांनी वर्गात चाचणी होती, आणि खरे तर आळस होता. तात्यांनी शेजाऱ्याच्या फोनवरून विचारले, “येतूयास न्हवं?” मी म्हणालो, “तात्या, एका मतानं काय फरक पडतोय?” पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटले, फोन कटला. मग “बरं, अब्यास कर” एवढेच म्हणाले.

त्या वेळी मला १९२ हा आकडा माहीत नव्हता. त्या निवडणुकीचा निकाल मोठ्या फरकाने लागला, माझ्या मताने खरेच काही बिघडले नाही. पण मला कोणी मुकादमाने अडवले नव्हते. माझ्यावर कोणाची उचल नव्हती. मत टाकायला तात्यांना जे मिळाले नव्हते, ते सगळे माझ्याकडे होते, आणि मी खोलीत झोपून राहिलो. आता समजते की १९९५ नंतर दर मतदानाला तात्या पहाटे आंघोळ करून शाळा उघडण्याआधी रांगेत का उभे राहतात. आम्ही पोरे त्यांना हसत असू.

मित्रहो, राष्ट्रीय प्रश्न म्हणजे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतात ते, अशी माझी समजूत होती. आता वाटते, ज्याला गावात काम नाही त्याला गावात मतही उरत नाही. आणि हे एक वाक्य समजून घ्यायला मला ग्रंथालय आणि ओटा, दोन्ही लागले. सरांची पेन्सिलीची ओळ मी खोडलेली नाही. त्या चार पानांना मी आणखी दोन जोडली आणि कंसातले पंच्याण्णव साल कंसाबाहेर काढले.

मागच्या आठवड्यात फोनवर तात्यांनी विचारले, “झालं का लिवून?”

“झालं.”

“आकडा घातलास?”

“घातला. आणि तात्या, पुढच्या मतदानाला मी आदल्या दिवशीच येतो.”

“ये,” ते म्हणाले. “रांगंत म्होरं मी हाय. तू माज्या मागं हुबा ऱ्हा.”

— द्वितीय वर्ष, कला