आमच्या बारा जणी

आमच्या शाळेत दुसरी, तिसरी आणि चौथी मिळून मुली फक्त अकरा. खो-खोच्या संघात बारा नावं लागतात. नऊ जणी मैदानात आणि तीन राखीव. मोठ्या गावात एकेका वर्गात वीस वीस मुली असतात, तिथं गुरुजी निवडून घेतात. आमच्यात काय निवडायचं? सगळ्याच घेतल्या तरी एक कमी.

दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला आणि ओढ्याच्या कडंला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडल्या. त्यातली एक मुलगी बाईंनी तिसरीत बसवली. ती आमची बारावी.

केंद्राच्या स्पर्धा जवळ आल्या तेव्हा बाई मला म्हणाल्या, "तू कॅप्टन आहेस ना? मग आधी उतरणाऱ्या नऊ जणी तूच लिहून आण. प्रत्येकीपुढं कारण लिही. मैत्रीण आहे हे कारण चालणार नाही."

मला वाटलं सोपं आहे. पण लिहायला बसले तर रात्रीचे नऊ वाजले.

पालकांसाठी थोडं सांगते, कारण आमच्या आईला वाटतं खो-खो म्हणजे नुसतं पळणं. तसं नाही. आठ जणी मधल्या पाटीवर चौकोनात बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पाठलाग करते. तिनं एकदा दिशा धरली की मागं फिरायचं नाही, खांबाला वळसा घातला तरच फिरता येतं. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्या मुली मात्र बसलेल्यांच्या मधून कुठूनही जातात. म्हणून पाठीमागून हात लावून मोठ्यानं "खो" म्हणायचं आणि दुसरीला उठवायचं. खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल. पळायला तीन-तीन जणींची तुकडी उतरते. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी.

आता माझी यादी. चौथीच्या आम्ही चौघी. सगळ्यांना वाटलं चौघी नक्कीच. पण मी तिघीच घेतल्या. राहिली ती माझी चुलत बहीण. सरळ पळण्यात ती शाळेत पहिली, २६ जानेवारीला नेहमी तिचाच नंबर. पण खो मिळायच्या आधीच उठते. सरावाला मी खडूनं भिंतीवर रेघा मारल्या, एका सकाळी तिचे सात फाऊल झाले. मी कारण लिहिलं, "आधी उठते." बाईंनी वाचलं आणि बरोबर म्हणाल्या.

घरी मात्र अवघड झालं. आम्ही दोघी एकाच वाकळेत झोपतो. दोन रात्री ती माझ्याकडं पाठ करून झोपली. चुलती म्हणाली, "घरच्या पोरीला बाहेर बसवून दुसरीतली पोरगी घेती व्हय गं?" काकू, हे तुम्ही वाचाल म्हणून लिहिते. दुसरीतल्या दोघी मी मुद्दाम घेतल्या. त्यातली बारकी तर मी पहिल्या तुकडीत टाकली. सगळे पहिल्या तुकडीत जोरात पळणाऱ्या घालतात. पण बारकी एवढीशी आहे की तिला धरायला मोठ्या मुलीला वाकावं लागतं, आणि वाकेस्तोवर ती साखळीतून पलीकडं जाते.

तिसरीतली एक मुलगी फार हळू बोलते. हजेरीला तिचा "हजर" बाईंना ऐकू येत नाही. हात लावला आणि खो ऐकू आला नाही तर काय उपयोग? पण तिच्या ज्वारीवर पाखरं बसत होती, ती रोज राखणीला जायची. मी सांगितलं, पाखरांना "हाऽ हाऽ" नको, "खो" म्हण. आठ दिवसांत तिचा आवाज आमच्या वस्तीपर्यंत यायला लागला.

ऊसतोडीवाल्यांची मुलगी मी खांबाजवळच्या चौकोनात बसवली. ती वाढ्याच्या पेंड्या बांधते, दिवसभर वाकायची आणि उठायची सवय. जमिनीला हात न लावता उठते. आमच्यात तसं कुणालाच येत नाही, मलासुद्धा नाही. पण तिला लहान भाऊ सांभाळायचा असतो, आई-वडील पहाटेच फडात जातात. स्पर्धेच्या दिवशी ती म्हणाली, "मी न्हाई येत, ह्याला कुठं ठिवू?" बाई म्हणाल्या, त्यालाही घ्या. मग तो आमच्याबरोबर टमटममध्ये आला. राखीव तिघींनी त्याला आळीपाळीनं घ्यायचं ठरलं.

पहिल्या सामन्यात बारकी अडीच मिनिटं सापडलीच नाही. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. समोरच्या शाळेचे गुरुजी म्हणाले, "ही पहिलीतली आहे काय?" बारकीला राग आला.

दुसऱ्या सामन्यात चौथीतल्या एकीचा गुडघा फुटला. बदली कुणाला घ्यायचं हे मला लगेच सांगायचं होतं. चुलत बहिणीच्या कडेवर ते बाळ होतं. तिनं ते दुसरीकडं दिलं आणि आली. तिनं तीन गडी बाद केले आणि फाऊल एकच झाला. तरी आम्ही एका गुणानं हरलो. त्या संघातल्या सगळ्याच मुली चौथी-पाचवीच्या होत्या. घरी येताना ती माझ्याशी बोलली. "तुझ्या बारकीला चप्पल घ्यायला सांग, काटा मोडलाय," एवढंच म्हणाली.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कॅप्टन महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे. मुलांनीही कप जिंकला. बाईंनी मोबाईलवर सामना दाखवला. तिथं खाली मॅट होती. आमच्या ग्राउंडवर कुसळं आहेत, आणि खांब म्हणून आंब्याचं लाकूड पुरलंय.

आता कारखान्याचा पट्टा पडला. कोप्या उठल्या, ती मुलगी तिच्या गावाला गेली. जाताना तिनं पहिलीतल्या दोघींना हात न लावता उठायचं शिकवलं. आम्ही चौघीही जूनमध्ये पाचवीला दुसऱ्या शाळेत जाऊ. म्हणजे उरल्या सात. पहिलीच्या मुलींनी शनिवारी शाळा सुटल्यावर खांबाजवळ यावं. बाई चुना आणणार आहेत. लहान भाऊ असला तर घेऊन या.