लिव्हरची गाठ आणि लोकांचे बोलणे

लिव्हरचे दुखणे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "पितो का?" आमच्या शिवऱ्यात माझ्या 22 वर्षांच्या पुतण्याच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा हेच झाले. पोराने दारूला कधी हात लावला नाही. दुखण्यापेक्षा त्या बोलण्यानेच वहिनी अधिक खचली.

म्हणून बंधूभगिनींनो, हे लिहितो. लिव्हरचा नेहमीचा कॅन्सर बहुधा दारूने किंवा काविळीच्या बी, सी विषाणूंनी खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो. परंतु फायब्रोलॅमेलर नावाचा दुर्मिळ प्रकार तरण्या पोरापोरींच्या धडधाकट लिव्हरमध्ये होतो. एडमंडसन या अमेरिकन डॉक्टरांनी 1956 साली तो प्रथम नोंदवला. रक्ताची एएफपी तपासणी यात बहुतेकदा चांगलीच येते. तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

सोनोग्राफीत गाठ दिसते, तिचा प्रकार कळत नाही. पुण्याला पुतण्याचा सीटी स्कॅन झाला. त्यात शिरेतून औषध सोडून थोड्या थोड्या वेळाने फोटो घेतात. गाठीत औषध कसे भरते, कसे उतरते, मधोमध चट्टा आहे का, ते दिसते. कॅन्सर नसलेल्या एका गाठीतही असाच चट्टा असतो. एमआरआयच्या ठराविक फोटोत तिचा चट्टा बहुधा पांढरा दिसतो, कॅन्सरचा काळा. शंका राहिली तर तुकडा तपासतात.

गाठ वेळेवर पूर्ण काढता आली, तर आशा मोठी असते. पुतण्याची काढता आली. तेव्हा घरात कुणाच्या पोटात गाठ लागली, तर लाजेने दडवू नका. सगळे रिपोर्ट, फिल्म जपून ठेवा आणि मोठ्या दवाखान्यात दाखवा.