खाचखळगे

मे महिन्याच्या सुटीत माझा नातू पुण्याहून चंद्रपुरास आला, तो बगलेत एक भला मोठा खोका घेऊनच. आजीला त्याने नमस्कार केला तो घाईघाईने. खोका उघडला तो मात्र देवघरातला संपुष्ट उघडावा तशा आदराने. आतून एक मोटार-ट्रक निघाला. लांबी हातभर, पण चाके अशी अगडबंब की एखाद्या चिमुरड्याने आजोबांचे जोडे पायांत चढवून मिरवावे तसे ते ध्यान दिसत होते. "आजोबा, याला मॉन्स्टर ट्रक म्हणतात," नातवाने माझे अज्ञान दूर केले.

या राक्षसाचे कुळ तसे फार जुने नाही. अमेरिकेतील बॉब चँडलर नावाच्या गृहस्थांनी पन्नासएक वर्षांपूर्वी आपल्या ट्रकला अवाढव्य चाके बसवून त्याचे 'बिगफूट' असे नाव ठेवले, आणि 1981 साली तो जुन्या मोटारींच्या टपांवरून चालवून त्या चिरडून दाखवल्या. बिनतारी लहरींनी दुरून वाहन हाकण्याची युक्ती मात्र त्याहून पुष्कळ जुनी. निकोला टेस्ला यांनी 1898 सालीच न्यूयॉर्क येथे तशी एक छोटी नाव पाण्यात फिरवून लोकांना थक्क केले होते. आता या दोन्ही घराण्यांचा हा वंशज माझ्या ओसरीवर बसून चिवड्याच्या डब्याकडे रोखून पाहत होता.

गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या बाहेर, इरईच्या बाजूस, मुरमाची एक ओसाड जागा आहे. उन्हे तापण्यापूर्वी, सकाळी सहालाच आम्ही तेथे गेलो. नातवाने हातातल्या यंत्राचा घोडा दाबला. ट्रक बाणासारखा सुटला, पहिल्या उंचवट्यावर उडाला, दुसऱ्यावर कलंडला आणि तिसऱ्याशी पोहोचण्यापूर्वी उताणा पडून चारही चाके आकाशाकडे करून गरगर फिरवू लागला. असे पाच-सहा वेळा झाले.

"स्प्रिंगा मऊ पडतात, आजोबा. कडक करायला हव्यात." नातवाने निदान केले, आणि मीही लगेच मान डोलावली. माझ्या पिढीच्या माणसाला 'कडक' हा शब्द ऐकला की बरे वाटते. कडक शिस्त, कडक इस्त्री, कडक चहा! जे डळमळते ते घट्ट आवळावे, हा आमचा सर्व रोगांवरचा एकच काढा. घरी येऊन आम्ही जाड तारेच्या स्प्रिंगा बसवल्या, शिवाय त्यांच्या डोक्यावर खोक्यात होत्या नव्हत्या तेवढ्या प्लॅस्टिकच्या चकत्या चढवून त्या दाबून टाकल्या. ट्रक ताठ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्याच उंचवट्यावर उताणा पडला.

तेव्हा मात्र मला लाज वाटली. जन्मभर ज्याने रस्त्यांचे काम केले, त्याला चाकाचा आणि जमिनीचा संबंध नव्याने शिकावा लागावा! त्या दुपारी पंख्याखाली सतरंजी टाकून आम्ही आजा-नातवांनी ट्रकचे सर्व सांधे मोकळे केले आणि मी पाठ सुरू केला. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1678 साली स्प्रिंगेचा कायदा ग्रंथरूपाने सांगितला: जितका भार, तितकी दब. दुप्पट भार घाला, दुप्पट दबेल. या कायद्यात चकत्यांना जागा नाही. चकती घातल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी तेवढी उंच उभी राहते. आणि येथेच आमची चूक होती. ट्रक आपल्या पायांवर पुरता ताठ उभा राहिल्यामुळे त्याच्या चाकांना खाली उतरायला जागाच उरली नव्हती.

धक्का म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंचवटा येतो. चाकाने वर उचलले जावे आणि अंगाला हिसका बसू देऊ नये, एवढेच स्प्रिंगेचे काम, असे आपण समजतो. पण हे अर्धेच काम झाले. समोर खड्डा आला की चाकाने खाली उतरून त्याचा तळ गाठला पाहिजे. ज्या चाकाला तसे उतरता येत नाही ते क्षणभर अधांतरी राहते, आणि अधांतरी चाक म्हणजे नुसती शोभा. त्याने गाडी पुढे जात नाही, वळत नाही, थांबत नाही. म्हणून गाडी अशी उभी करावी की चाकाला वर जायलाही वाव असावा आणि खाली यायलाही. आम्ही बारीक तारेच्या स्प्रिंगा परत घातल्या आणि चकत्या बहुतेक काढून टाकल्या.

यानंतर ट्रक उडायचा थांबला, पण होडीसारखा डोलू लागला. कारण स्प्रिंग ही व्यवहाराला फार चोख. घेतलेला हिसका ती जवळजवळ पुरता परत करते, आणि परत करताना पुन्हा नवा हिसका देते. हा व्यवहार कोठेतरी मिटवण्यासाठी स्प्रिंगेच्या पोटात तेलाची नळी असते. गॅरेजमधली माणसे तिला 'शॉकअप' म्हणतात. नळीत बारीक भोके पाडलेला एक दट्ट्या वरखाली होतो. तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, आणि त्या खटपटीत हिसक्याचा जोर किंचित उष्णता होऊन विरून जातो. स्प्रिंग हिसका सोसते. तेल तो विसरते.

नातवाने 30, 40, 60 असे अंक घातलेल्या तेलाच्या बाटल्या बरोबर आणल्या होत्या. अंक जितका मोठा तितके तेल दाट. साहजिकच त्याने प्रथम 60ची बाटली उचलली. तेल भरून, दट्ट्या हळूहळू हलवून, हवेचे बुडबुडे वर येईपर्यंत आम्ही नळ्या उभ्या करून ठेवल्या. या कामात घाई चालत नाही. एक बुडबुडा आत राहिला तरी दट्ट्या मध्येच दगा देतो. पण इतके करूनही मुरमावरच्या ओळीने आलेल्या बारीक पन्हाळ्यांवर ट्रक खचत चालला. दाट तेलातून चाक खाली येते न येते तोच पुढचा उंचवटा त्याला पुन्हा वर ढकलत होता. हिसका विसरायला जो फार वेळ घेतो, त्याला पुढचा हिसका आधीच दबलेल्या अवस्थेत गाठतो! शेवटी 40वर आमचे एकमत झाले. सकाळी जमलेले गणित दुपारच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात थोडे चुकते, कारण उष्णतेने तेल पातळ होते. पण आपल्या शहरात माणसांचीही तीच गत असल्यामुळे ते आम्ही ट्रकला माफ केले.

कसोटी सोपी होती. ट्रक वीतभर उंचीवरून फरशीवर सोडायचा. तो उडता कामा नये आणि त्याचे पोटही टेकता कामा नये. दमलेले माणूस बाजेवर बसते तसा त्याने एकदाच खाली बसून स्वस्थ व्हावे. तो तसा बसला. दुसऱ्या दिवशी त्याच ओसाड जागेवर, त्याच खाचखळग्यांतून तो चालला तेव्हा त्याची चाके वेड्यासारखी वरखाली होत होती आणि वरचे टप मात्र संथ, पाण्यावरून सरकावे तसे, पुढे जात होते. नातू टाळ्या पिटत होता. मला मात्र अचानक एका म्हातारीची आठवण झाली.

1982 साली गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्यानंतर काही वर्षांनी माझी तिकडे बदली झाली. आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या बाजूचे काही रस्ते माझ्याकडे होते. रस्ते म्हणजे काय, सागाच्या रानातून गेलेल्या मुरमाच्या रेघा! पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पलीकडचे भामरागड जगापासून तुटायचे, आणि पाणी ओसरल्यावर रस्त्याचा जो सांगाडा मागे राहायचा त्याची नोंद करणे हे माझे काम. पहिली दोन वर्षे माझ्याकडे एक जुनी जीप होती. तिच्या पाट्यांना वाकणे म्हणून ठाऊक नव्हते. संध्याकाळी मुक्कामी उतरलो की पाठीचा मणका न् मणका वेगळा मोजता येई. पण त्या दिवसांतली माझी नोंदवही पाहावी! कोणत्या दगडापासून किती अंतरावर किती खोल खड्डा, कोठे मोरी खचली, कोठे कडा तुटली, सारे त्यात आहे. त्यात माझी हुशारी काही नव्हती. पाठ सांगत होती आणि हात लिहीत होता.

पुढे मला नवी गाडी मिळाली. मऊ गाद्या, लवचिक स्प्रिंगा, काचा लावल्या की धूळही आत येत नसे. मी कागदपत्रे वाचीत जाऊ लागलो, क्वचित डुलकीही घेऊ लागलो. त्या वर्षीची नोंदवही बारीक झाली. खड्डे बुजले म्हणून नव्हे. उलट एका पावसाळ्याने रस्ता अधिकच उखडला होता. त्यात मी काही खोटे लिहिले नाही. मला जे जाणवले तेवढेच मी लिहीत होतो. फक्त मला जाणवेनासे झाले होते.

अशाच एका हिवाळ्यात, दिवस कलताना, समोरून एक बंडी येताना दिसली. बंडीला स्प्रिंग कसली? लाकडी कणा, लोखंडी धाव, आणि मऊपणा म्हणून काय ती खाली पसरलेली भाताची तणस. त्या तणशीवर एक बाळंतवेणा देणारी बाई निजली होती. प्रत्येक खड्ड्याशी गाडीवान बैल थोपवी, आणि बरोबर चालणारी म्हातारी दोन्ही हातांनी बाईला धरून ठेवी. पहाटे निघालेली ती माणसे होती. आम्ही बाईला गाडीत घेतले. म्हातारी माझ्या शेजारी अंग चोरून बसली. थोडा वेळ ती खिडकीतून मागे पळणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिली आणि मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "साहेब, तुमच्या गाडीतून रस्ता चांगला हाये."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरीच नवल वाटले होते. ज्या वाटेने ती दिवसभर ठेचकाळत आली, तीच वाट गाडीत बसताच गुळगुळीत झाली होती. रात्री दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. पण मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी मुक्कामी ठेवून मी तेवढा रस्ता पायी चाललो आणि वही नव्याने लिहिली. त्यामुळे रस्ता लगेच सुधारला असे नाही. मंजुरी, निधी, पावसाळा यांचे फेरे कोणाला चुकले आहेत? पण निदान वही खरी झाली.

सुखदुःखाने न हलणाऱ्या माणसाचे आपल्याकडे फार कौतुक आहे, आणि ते योग्यच आहे. पण तो न हलणारा माणूस आपण दगडासारखा कल्पितो, तेथेच चुकतो. दगडासारखा कडक ट्रक तर पहिल्याच उंचवट्यावर उताणा झाला! संथपणा वरच्या टपाला शोभतो, चाकाला नव्हे. खालच्या चाकाने वाटेतला खडा न् खडा ओळखला पाहिजे, खड्ड्याचा तळ गाठला पाहिजे. ते इतके हलते म्हणूनच वरचे सारे स्थिर राहते. ज्या घरात एकाला सारे हिसके लागतात आणि बाकीचे निवांत असतात, तेथे निवांत असणाऱ्यांनी एकदा खाली वाकून पाहावे. त्यांचे सुख कोणाच्या तरी वरखाली होण्यावर तोललेले असते. आणि ज्याच्या हाती इतरांची वाट नीट करण्याचे काम आहे, त्याची गादी फार मऊ झाली की वाट चांगली झाल्याचा भास त्यालाच सर्वांत आधी होतो. गादी मऊ असण्यात पाप नाही. पण चाकाकडून येणारा निरोप तिच्यात बुडून जाऊ नये, एवढे तिला बजावले पाहिजे.

सुटी संपण्यापूर्वी नातवाने हट्टच धरला म्हणून मी त्याला आलापल्लीचे सागवान दाखवायला एस.टी.ने नेले. गाडी बरीचशी रिकामी होती. पुढच्या बाकाकडे धावणाऱ्या नातवाला मी हाताला धरून अगदी मागच्या, चाकामागच्या बाकावर नेऊन बसवले.

"इथे का, आजोबा? इथे तर सगळ्यात जास्त उडायला होतं!"

"म्हणूनच," मी म्हणालो.

मूल मागे पडले तसे आम्ही दोघे हिसके मोजू लागलो. सत्तरीपर्यंत नातवाने नेटाने मोजले. मग त्याला माझ्या खांद्यावर झोप लागली. निवृत्तीनंतर या आकड्यांचा कोणाला उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मी पुढे मोजीत राहिलो.