नेब्रास्काला समुद्र देताना

पी.एल. लागली की माणसाला अभ्यास सोडून सगळं सुचतं. कुणाला कपाट आवरावंसं वाटतं, कुणाला गिटार शिकावीशी वाटते. मला या पी.एल.मध्ये अमेरिकेतल्या राज्यांच्या सीमा बदलाव्याशा वाटल्या. हसू नका. पेपर चार दिवसांवर असताना याहून महत्त्वाचं काम दुसरं कुठलं असणार?

निमित्त झालं ताईच्या फोनचं. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात नोकरी करते. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तिने सांगितलं की तिच्या ऑफिसातल्या एका काकांच्या टेबलामागे एक सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. काका म्हणे नेब्रास्काच्या महान आरमाराचे ॲडमिरल आहेत! हा मानाचा किताब नेब्रास्कामध्ये १९३१ पासून देतात. आता गंमत अशी, की नेब्रास्काला समुद्रच नाही. बरं, नुसता नाही असंही नाही. कुठल्याही बाजूने निघा, समुद्र दिसेपर्यंत मध्ये किमान तीन राज्यं किंवा कॅनडाचे प्रांत ओलांडावे लागतात. पन्नास राज्यांत इतकं आत अडकलेलं हे एकटंच.

“म्हणजे ट्रिपली लँडलॉक्ड,” मी म्हटलं.

“भूवेष्टित,” रूममेटने पुस्तकातून मान वर न करता दुरुस्ती केली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, सिव्हिलला. मी कॉन्व्हेंटची, कॉम्प्युटरला. माझ्या मराठीची डागडुजी तिच्याकडेच असते. भूवेष्टित! काय शब्द आहे! बिस्किटाच्या पुड्याला वेष्टन असतं तसं या बिचाऱ्या राज्याला चारी बाजूंनी जमिनीचं वेष्टन. मला एकदम नेब्रास्काची दया आली. ठरलं! अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याला समुद्र मिळालाच पाहिजे.

खाटेखालून फर्स्ट इयरची ई.डी.ची शीट काढली. पुढच्या बाजूला कापलेला शंकू, मागची बाजू कोरी. मिनी-ड्राफ्टरचा गंज पुसला. आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी करतात तेच पहिलं काम केलं. गिव्हन डेटा लिहून काढला.

राज्यं ५०. खाऱ्या पाण्याचा किनारा असलेली २३. म्हणजे समुद्राविना २७! बहुमत कोरडं! सगळ्या किनाऱ्याची सरकारी लांबी १२,३८३ मैल, पण त्यातले ६,६४० मैल एकट्या अलास्काचे आणि ७५० हवाईचे. ती दोन राज्यं लांब आहेत, त्यांचं त्यांना राहू दे. उरले ४,९९३ मैल, भागिले ४८. प्रत्येकाच्या वाट्याला आले १०४ मैल. सध्या न्यू हॅम्पशायरकडे जेमतेम १३ मैल आहेत आणि फ्लोरिडाकडे १,३५०. माझ्या योजनेत न्यू हॅम्पशायर के.टी.वरून थेट डिस्टिंक्शनला जाणार आणि फ्लोरिडाला १,२४६ मैल सोडावे लागणार.

“किनारा मोजला कशाने?” सिव्हिलने पहिला आक्षेप घेतला. मुद्दा बरोबर होता. याच देशाचा किनारा खाड्या, बेटं, नद्यांची मुखं सगळं धरून मोजला तर ८८,६३३ मैल भरतो. पट्टी जितकी छोटी, तितका किनारा लांब. बेनुआ मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्यावरून नेमका हाच प्रश्न उचलला होता. मी म्हटलं, आपण मोठी पट्टी वापरू, पी.एल. संपत आलीये.

पहिली योजना पिझ्झ्याची. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेचा मध्यबिंदू कान्सस राज्यातल्या लेबनॉन गावाजवळ येतो. तिथे कंपासचं टोक रोवायचं आणि ४८ तुकडे कापायचे, प्रत्येकी साडेसात अंश. मध्ये सगळ्यांची टोकं एकत्र, बाहेर सगळ्यांना समुद्र. किती सोपं! पण तुकडे कापून झाल्यावर लक्षात आलं की पिझ्झ्याची वरची कड कॅनडाच्या ताटात आहे. उत्तरेकडे तोंड केलेल्या तुकड्यांना समुद्राऐवजी दुसरा देशच मिळतो.

तोवर खोलीत गर्दी जमली होती. शेजारच्या खोलीतली म्हणाली, “पंचमहासरोवरं समुद्रात धरा की. लगेच सात राज्यं सुटतात, उरतात फक्त वीस.” यावर मोठा वाद झाला. मीठ नाही तो समुद्र कसला? “मेसच्या भाजीलाही मीठ नसतं,” ती म्हणाली, “तरी आपण तिला भाजी म्हणतोच ना?” ठराव मतदानाला टाकला. सरोवरं एका मताने पडली.

दुसरी योजना पट्ट्यांची. नेब्रास्काची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेकडे काढली, कान्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सासमधून थेट मेक्सिकोच्या आखातात. झालं, नेब्रास्का सुटलं. पण कान्ससचे दोन तुकडे झाले. मग दोन्ही तुकड्यांना दोन पट्ट्या. मग दोन्ही डाकोटा म्हणाले, आम्ही काय घोडं मारलंय? रात्री एक वाजेपर्यंत टेक्सासचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा झाला. शिवाय वायोमिंगची पट्टी कोलोरॅडोच्या पट्टीला आडवी गेली. दोन सीमा एकमेकींना छेदून कशा जाणार? “तिथे फ्लायओव्हर बांधू,” सिव्हिल म्हणाली.

इतकी मजल गेल्यावर मला शंका आली, की हा वेडेपणा आधी कुणी केलाच नसेल का? शोधलं तर काय, खुद्द अमेरिकेनेच केलाय! पेनसिल्व्हेनियाला ईरी सरोवरावर नीटसं बंदर नव्हतं, म्हणून त्याने १७९२ साली केंद्र सरकारकडून एक त्रिकोणी तुकडा चक्क विकत घेतला. किंमत १ लाख ५१ हजार ६४० डॉलर आणि वर २५ सेंट. नकाशात त्या राज्याच्या वायव्येला जे चिमणीसारखं वर आलेलं दिसतं, ते हेच. इंडियानाची उत्तर सीमा १८१६ साली दहा मैल वर सरकवली, का तर मिशिगन सरोवराचा काठ मिळावा. १८१८ साली इलिनॉयची सीमा तर मूळ ठरलेल्या रेषेपासून सुमारे साठ मैल वर नेली. ती नेली नसती तर आजचं शिकागो विस्कॉन्सिनमध्ये असतं. मिसिसिपी आणि अलाबामा यांच्या खाली जे दोन आखूड पाय दिसतात, ते पूर्वी स्पेनच्या ताब्यातल्या पश्चिम फ्लोरिडाचे. म्हणून त्यांना समुद्र आहे. आणि १८४९ साली मॉर्मन लोकांनी डेझरेट नावाच्या राज्याचा प्रस्ताव मांडला, त्यात वाळवंटातून थेट सॅन दिएगोच्या किनाऱ्यापर्यंत जागा मागितली होती. काँग्रेसने ती दिली नाही. पुढच्या वर्षी युटा हा प्रदेश तयार केला, समुद्राविना.

म्हणजे माझी कल्पना वेडगळ नव्हती, फक्त दोनशे वर्षं उशिरा आली होती! मी शीटचा फोटो मोठ्या अभिमानाने ताईला पाठवला. तिचा लगेच फोन.

“अगं, पण नेब्रास्काला समुद्र हवाय कशाला?” ती म्हणाली. “इथला मका भरलेल्या गाड्या पॅसिफिकच्या बंदरापर्यंत जातात. मधल्या कुठल्याच राज्यात त्यांना कुणी जकात विचारत नाही. राज्याची हद्द म्हणजे रस्त्यावर स्वागताची एक पाटी, बस.”

हे मला सुचलंच नव्हतं. मग मी उलट दिशेने वाचायला लागले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत खरंच तसं नव्हतं. ज्याच्याकडे बंदर, तो शेजाऱ्याच्या मालावर कर घ्यायचा. न्यू जर्सीला किनारा असूनही तिचा माल एकीकडे न्यूयॉर्कमधून आणि दुसरीकडे फिलाडेल्फियातून यायचा, आणि कराचा पैसा दोघं घ्यायचे. त्या काळी लोक न्यू जर्सीला दोन्हीकडून तोटी लावलेलं पिंप म्हणत, हे जेम्स मॅडिसनने लिहून ठेवलंय. पुढे १७८७ च्या राज्यघटनेत ही तोटी बंद केली. राज्यांनी काँग्रेसच्या संमतीशिवाय आयात-निर्यातीवर कर लावायचा नाही, एका राज्याच्या बंदराला दुसऱ्यापेक्षा झुकतं माप द्यायचं नाही. चार वाक्यांत काम झालं. एकही सीमा न हलवता!

शिवाय आयडाहो बघा. समुद्र नाही, पण लुईस्टन गावाला बंदर आहे, पॅसिफिकपासून ४६५ मैल आत. कोलंबिया आणि स्नेक या नद्यांवरच्या आठ धरणांच्या लॉकमधून बार्ज पायरी-पायरीने वर चढतात. हे ऐकल्यावर सिव्हिलने पुस्तक बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू ती धरणं तिनेच बांधलीयेत.

म्हणजे किनारा असणं वेगळं आणि तिथवर वाट असणं वेगळं. हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. आमचं गाव भंडाऱ्याकडचं. राज्याला समुद्र आहे, नकाशात पश्चिमेची अख्खी बाजू निळी आहे. पण समुद्र आमच्यापासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी तो पहिल्यांदा पाहिला अठराव्या वर्षी, फर्स्ट इयरच्या ट्रिपला. आणि आम्हा दोघींच्या आजीने तो कधीच पाहिला नाही. टीव्हीवर समुद्र दिसला की ती म्हणायची, “एवढं पाणी अन् खारट! काय कामाचं?” पण चॅनेल बदलू द्यायची नाही.

ताईने तिला शब्द दिला होता, पुढच्या वेळी आले की तुला कोकणात नेते. पण ताईच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली. भारतात आली की परत जायला नवा शिक्का लागणार, आणि त्याच्या मुलाखतीची तारीख काही मिळेना. तारखेशिवाय यायचं म्हणजे नोकरी टांगणीला. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. यंदाच्या श्रावणात आजी गेली. ताईने सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. फोन मीच धरला होता. हात दुखायला लागला तरी खाली केला नाही.

हे सगळं त्या रात्री दोघींपैकी कुणीच बोललं नाही. ताई फक्त इतकंच म्हणाली, “इथल्या मक्याचं बरं आहे गं.” मग थोडा वेळ आम्ही दोघी गप्प होतो. शेवटी तीच म्हणाली, “तारीख मिळाली की डिसेंबरात येते. आपण जाऊ कोकणात. आजीच्या वाटचं पाणी बघून येऊ.” मी हो म्हटलं.

असो. शीट अजून खोलीच्या भिंतीवर आहे. परवा रेक्टर मॅडम राउंडला आल्या. टेक्सासचा पायजमा पाहून थबकल्या.

“हे काय चाललंय?”

“मॅडम, अमेरिकेतल्या २७ राज्यांना समुद्र देतोय.”

मॅडमनी चष्मा वर सरकवून नकाशा नीट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

“छान. आधी स्वतःचा एम-थ्री काढ.”