घड्याळ चालूच होते

बुद्धिबळात हरण्याचे प्रकार जुन्या मंडळींना तीनच ठाऊक होते. राजावर मात होणे, आपण होऊन हार मानणे, आणि घड्याळातील वेळ संपणे. अलीकडे त्यात चौथ्याची भर पडली आहे. खेळाडूचा डाव चांगला असतो, डोके शांत असते, पुढची खेळीही ठरलेली असते. परंतु ती प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचतच नाही. नियमांच्या पुस्तकात हा प्रकार तिसऱ्यातच मोडतो. पण ज्याच्यावर तो ओढवतो, त्याला ते काही केल्या पटत नाही.

तुमसरच्या एका मुलावर हा प्रसंग श्रावणातल्या एका रविवारी ओढवला. सातवीत शिकणारा हा मुलगा पुण्याच्या आपल्या आतेबहिणीशी दर रविवारी इंटरनेटवर बुद्धिबळ खेळत असे. त्या दुपारी त्याच्याजवळ एक हत्ती अधिक होता आणि घड्याळात सहा मिनिटे शिल्लक होती. त्याने उंट सरकवला. उंट पुन्हा मूळच्या घरात येऊन बसला. पुन्हा सरकवला, पुन्हा तेच. पडद्यावर पट तर स्वच्छ दिसत होता. पान ताजे करून पाहावे, असे त्याच्या मनात आले, पण तसे केल्यास सारा डावच पुसला जाईल, या भीतीने त्याने हात आवरला. थोड्याच वेळात पुण्याहून फोन आला.

"वेळ संपला रे तुझा! जिंकले मी."

"तूच काहीतरी केलंस, ताई," असे म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

त्याचे आबाजी ओसरीवर बसून हे ऐकत होते. त्यांची सारी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून झालेली. ब्राउझर म्हणजे काय, हे त्यांना नीटसे माहीत नव्हते. परंतु तार तुटली म्हणजे ती कोठे तुटली हे कसे शोधावे, ते त्यांच्याइतके घरात कोणाला कळत नव्हते.

"बिघाड कुठं आहे ते पाहिलंस का, बाबू?"

"तिच्याकडेच असेल, आबाजी."

"असेल, हे मी विचारलं नाही. पाहिलंस का?"

जुन्या काळी एखाद्या घरचा फोन मुका झाला, की लाइनमन आधी घरातले यंत्र पाही, मग खांबावरची डबी, आणि शेवटी टेलिफोन एक्स्चेंज. दर टप्प्यावर एकच प्रश्न असे : इथवर आवाज येतो की नाही? ही रीत इंटरनेटलाही जशीच्या तशी लागू पडते. तुमसरच्या लोकांना तर ती सहज समजावी. मुंबई-हावडा हा मोठा लोहमार्ग तुमसर रोड जंक्शनवरून जातो आणि तेथून तिरोडीकडे निघालेला फाटा तुमसर गावाला येतो. गावच्या स्टेशनात गाडी आली नाही, म्हणून मुंबईपासून हावड्यापर्यंतचा सगळा मार्ग बंद पडला, असे कोणी म्हणत नाही. आधी फाट्याची चौकशी करतात.

मुलाने तशीच चौकशी आरंभली. वाय-फाय बंद करून, मोबाईलच्या स्वतःच्या इंटरनेटवर त्याने खेळाचे संकेतस्थळ उघडले. ते झटकन उघडले. म्हणजे खेळाचा सर्व्हर शाबूत होता. स्वयंपाकघरात आईचा फोन वाय-फायवर उत्तम चालत होता. म्हणजे घरात येणारी तारही शाबूत होती. आतल्या खोलीत मात्र त्याच वाय-फायवर साधे पानही रखडत होते. आबाजी उठले, राउटरपाशी गेले आणि हसू लागले. गेल्याच आठवड्यात तांदूळ साठवण्यासाठी पत्र्याची मोठी कोठी घेतली होती. ती नेमकी राउटर आणि आतली खोली यांच्यामध्ये उभी होती! वाय-फायच्या लहरी विटांच्या भिंतीतून क्षीण होऊन का होईना, पार जातात; पत्र्याला आपटून मात्र त्या मागे फिरतात.

बिघाड येथे सापडला नसता, तर पुढची पाळी ब्राउझरची होती. अशा वेळी तोच खेळ इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहावा. तेथे तो सुरळीत चालला, तर दोष बहुधा ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या माहितीत, किंवा जाहिराती अडवणाऱ्या एखाद्या एक्स्टेंशनमध्ये असतो.

पण पट स्पष्ट दिसत असताना खेळी का जात नव्हती? बातमीचे पान एकदा मागवले, की काम संपते. खेळाचे तसे नाही. डाव चालू असेपर्यंत आपले यंत्र आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक अखंड धागा ताणलेला असतो. खेळ्या त्यावरूनच ये-जा करतात. लहरी क्षीण होऊन तो तुटला, तरी आधी आलेले चित्र पडद्यावर तसेच राहते. खरा पट आणि खरे घड्याळ ही दोन्ही सर्व्हरमध्ये असतात. म्हणूनच पान ताजे केल्याने डाव पुसला जात नाही. उलट तुटलेला धागा नव्याने जोडला जातो. मुलाने ज्या भीतीने हात आवरला, त्या भीतीनेच त्याची सहा मिनिटे खाल्ली होती.

असे प्रसंग थोरामोठ्यांवरही आले आहेत. कोरोनाच्या साथीमुळे २०२० साली बुद्धिबळाचे ऑलिंपियाड इंटरनेटवर खेळवले गेले. भारतीय संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता, आणि संघात नागपूरची दिव्या देशमुख ही अवघ्या १४ वर्षांची मुलगी होती. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना झाला. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत दिव्या आणि निहाल सरीन यांचा संपर्क तुटला व दोघांचाही वेळ संपला. त्या दिवशी अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या जाळ्यात एक सदोष नियम शिरला होता. त्यामुळे एकमेकांना मार्ग सांगणारी तिची यंत्रे आपसांत बोलेनाशी झाली आणि जगभर अनेक ठिकाणी इंटरनेट कोलमडले. येथे घरातली कोठी हलवून काहीही साधले नसते! भारताने दाद मागितली, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. पुढे २०२५ साली हीच दिव्या महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

मात्र त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. दोनच दिवस आधी, उपान्त्यपूर्व सामन्यात, आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क निहालविरुद्धच्या डावात तुटला होता. तो गुण भारताला मिळाला. आर्मेनियाची तक्रार फेटाळली गेली, आणि त्यांच्या संघाने निषेध म्हणून पुढची फेरी खेळण्यास नकार दिला. आबाजींनी या दोन्ही गोष्टी मुलाला सांगितल्या. पहिली ऐकून तो खूश झाला. दुसरी ऐकल्यावर बराच वेळ काही बोलला नाही.

कोठी त्याच संध्याकाळी हलवली गेली. पुण्याला फोन करणे मात्र आठवडाभर जमले नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा डाव मांडला गेला. या वेळी ताईचे पारडे जड होते. तिचे एक प्यादे वजीर होण्याच्या बेतात होते, आणि एकाएकी तिच्या खेळ्या येईनाशा झाल्या. पुण्यात वीज गेली असावी. तिचे घड्याळ मात्र चालूच होते. मिनिटाभराने पडद्यावर सूचना उमटली : प्रतिस्पर्धी निघून गेला आहे, आपण विजय घेऊ शकता, बरोबरी जाहीर करू शकता, किंवा वाट पाहू शकता.

मुलाचे बोट पहिल्या शब्दावर जाऊन थांबले. आबाजी ओसरीवरून पाहत होते, पण त्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही.

पटाच्या कडेला एक लहानशी अधिक चिन्हाची खूण होती. ती दाबली, की प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात १५ सेकंद वाढत. मुलाने ती दाबली. थोड्या वेळाने पुन्हा दाबली. बाहेर पावसाची सर येऊन गेली, तरी तो अधूनमधून ती दाबतच होता.

अखेर फोन वाजला.

"अरे, आत्ता वीज आली. गेला ना माझा डाव?"

"नाही गेला. आणि ताई, मागच्या रविवारी ती कोठी होती गं. तुझी काही चूक नव्हती."

"कसली कोठी?"

"ते मग सांगतो. तू आधी पान ताजं कर. तुझी खेळी राहिली आहे."