पोटखराब

माझ्या मालकीचं एक धरण आहे, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे पाहतात. पण आहे खरं! घाटनांदूरच्या शिवारात, ओढ्यावर, १९७२ चा दुष्काळ उलटल्यावर वडिलांनी बैलगाडीनं माती आणून घातलेला पंधरा फुटी बांध. सातबारावर त्या जागेची नोंद 'पोटखराब' अशी आहे. वडिलांच्या आयुष्यातल्या एकमेव पराक्रमाला सरकारनं दिलेलं हे प्रशस्तिपत्र.

मालकीचं म्हणाल तर ओढा सरकारचा, माती आमची आणि पाणी ज्याची मोटार आधी सुरू होईल त्याचं. तळं भरलं की मालक अकरा असतात. बांधाला भेग पडली की मी एकटा. त्या भेगेचा अर्ज घेऊन मी एका कचेरीत गेलो, तिथून दुसरीत, दुसरीतून पुन्हा पहिलीत. शेवटी एका साहेबांनी विचारलं, "तुम्हाला बांधायला सांगितलं कोणी?" वडील वारल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

आता कबुली. मातीच्या बांधाला सांडवा असतो, जादा पाणी बाजूनं निघून जावं म्हणून. पाणी बांधाच्या डोक्यावरून गेलं की माती वाहून जायला वेळ लागत नाही. हे मी मुलांना शिकवलेलं आहे. तरीही २०२१ साली हरभऱ्याला चार पाळ्या जास्त मिळाव्यात म्हणून मी सांडव्यावर वाळूची तीस पोती रचली.

सप्टेंबरात पाऊस असा लागला की मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. माझ्या धरणाला दरवाजेच नाहीत. रात्री नऊला अंबाजोगाईला फोन आला. बांधाखाली वस्ती करून राहणारे दादा.

"गुरुजी, बांधाच्या बुडातून पाणी झरूलालंय."

"झरायचंच, दादा. मातीचा बांध तो."

"तसं रोजच झरतंय की. आज गढूळ येऊलालंय."

माझं पोट तिथेच खराब झालं. निवळ पाणी झरतं तोवर बांधाला घाम येतोय म्हणायचं. गढूळ आलं की आतली माती निघाली.

२०१९ च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसं गेली आणि खापर खेकड्यांवर फुटलं, तेव्हा मी त्या खेकड्यांना हसलो होतो. त्या रात्री बॅटरीच्या उजेडात बांधाच्या बुडाशी घुशीचं बीळ दिसलं. हसू आलं नाही. दादांनी लेकरं शाळेच्या ओट्यावर नेऊन ठेवली होती. मला एका शब्दानं न बोलता ते पोती ओढायला लागले. तीसच्या तीस काढली. सांडवा मोकळा झाला, पाणी माझ्याच तुरीतून धावलं. तूर गेली, बांध राहिला.

मग बुडाला वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असा थर घातला. पाणी निघतं, माती अडते. त्याच डिसेंबरात धरण सुरक्षा कायदा झाला. मी आशेनं वाचला. तो १५ मीटरच्या पुढच्या धरणांना लागतो, काही अटींवर १० मीटरच्या पुढच्यांना. आमचं पंधराच, पण फूट!

पोती अजून माझ्या गोठ्यात आहेत. दर मृगाच्या आधी दादा येतात, चहा घेतात आणि जाताना सहज म्हणून ती मोजतात.